पीटीचा तास गळ्यात पडलाय, आता करू काय?

आलेलं पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई नमस्कार. मी तिसरीची वर्गशिक्षिका. आमचे खेळाचे सर सोडून गेले, नवीन कोणी आलं नाही, मग त्यांचे तास आम्हा सगळ्यांत वाटून टाकले आणि माझ्याच वर्गाचे आठवड्याला दोन तास माझ्या गळ्यात पडले. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. वर्गात 42 मुलं, ग्राउंड लहान, बॉल दोन. मी बॉल देते आणि बाजूला उभी राहते. आठ-दहा मुलं खेळतात, मुली भिंतीला टेकून गप्पा मारतात, आणि एक जरा जाड मुलगा आहे त्याचं दर पीटीला पोट दुखतं. गणिताचे सर म्हणतात तास मला द्या, पोर्शन राहिलाय. पालकसभेत एक जण म्हणाले की खेळायला आम्ही संध्याकाळी पाठवतोच, शाळेत शिकवा. हेडसरांना मेडल हवीत. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही की हा तास असतो कशासाठी. सरांना देऊन टाकू का? आणि नाही दिला तर घेऊ कसा? मुलांबरोबर मीही पळायचं का, माझे गुडघे दुखतात."

ताई, तास देऊ नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं निवांत वाचाल.

तुम्ही विचारलंय तास कशासाठी, तर तिथूनच सुरुवात करू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की घ्यायचा कसा हे अर्धं आपोआप सुटतं. आपल्याला वाटतं पीटी म्हणजे मुलांना मोकळं सोडायचं, जरा दमली की वर्गात गप्प बसतील, नाहीतर मग त्यातून दोन-चार चांगले खेळाडू हेरायचे. दोन्ही नाही. प्राथमिकमधली पीटी म्हणजे अंग वापरायला शिकवणं. पळणं, पळता पळता थांबणं, वळणं, उडी मारून नीट उतरणं, एका पायावर उडणं, फेकणं, झेलणं, लाथेने बॉल मारणं, तोल सांभाळणं. वाचन-लेखनाला जसं बाराखडीपासून बसवतो तसं हे बसवावं लागतं, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच की हे वयाबरोबर आपोआप येतं. थोडंफार येतं, बाकीचं कोणीतरी शिकवलं तरच येतं.

पुढच्या तासाला एक करून बघा. सगळ्यांना एक एक कागदाचा बोळा द्या आणि म्हणा, जमेल तेवढ्या लांब फेका. मग फक्त पायांकडे बघा. काही मुलं उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे टाकतात, कंबर वळते, हात मागून येतो, बोळा सण्णकन जातो. आणि बरीच मुलं, त्यात तुमच्या भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या मुली जास्त असतील, समोर तोंड करून सरळ उभ्या राहतात, उजव्या हाताबरोबर उजवाच पाय पुढे येतो किंवा पाय हलतच नाहीत, सगळा जोर कोपरातून, आणि बोळा चार पावलांवर पडतो. त्यांना हात धरून आडवं उभं करा, "खांदा भिंतीकडे, उलटा पाय पुढे, आता फेक" एवढंच सांगा. पाच-सात वेळा केल्यावर फरक दिसायला लागतो, मुलीला स्वतःलाच दिसतो आणि ती तुमच्याकडे वळून बघते. ह्यात तुम्ही खेळाडू असायची गरज कुठे आली? बघता आलं पाहिजे, आणि बघायचं काय ते माहीत पाहिजे, बस्स.

झेलण्याचंही तसंच. ज्याला झेलता येत नाही तो बॉल जवळ आला की तोंड फिरवतो आणि डोळे मिटतो, हात ताठ पुढे. आपण ओरडतो "बॉलकडे बघ!" पण तो बघत नाही कारण त्याला लागायची भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही, बॉल कडक आहे. त्याला आधी फुगा द्या. फुगा हळू येतो, लागत नाही. मग मऊ मोठा बॉल, मग लहान. भीती गेली की डोळे आपोआप उघडे राहतात.

आता मुलींचं म्हणाल तर त्यांना आवड नाही असं लगेच ठरवू नका. ज्या मुलीशी घरी-दारी कोणी कधी बॉल टाकून खेळलेलंच नाही तिला आठव्या वर्षी बॉल येत नाही, येत नाही म्हणून ती मागे राहते, मागे राहिली की सराव होत नाही, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी ती म्हणते मला खेळ आवडत नाहीत. तेव्हा ते खरंही झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2016 पर्यंतची जगभरातली आकडेवारी एकत्र केली होती, त्यात 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती, मुलींत 85 टक्के आणि मुलग्यांत 78. हे मोठ्या मुलांचे आकडे आहेत, पण माझ्या मते त्यातलं बरंच तिसरी-चौथीतच ठरून गेलेलं असतं, कोण बॉलमागे पळणार आणि कोण भिंतीशी उभं राहणार ते.

ह्यातच त्या पालकांचं उत्तर आहे. संध्याकाळी पाठवतो म्हणतात, पाठवतही असतील, पण संध्याकाळी खेळतं कोण? ज्याला येतं तो. ज्याला येत नाही त्याला खाली कोणी घेतच नाही, तो घरी स्क्रीनपुढे. वर्गातलं एकूण एक पोर जिथे हजर असतं अशी जागा फक्त शाळा. क्लासला घालणारे पालक घालतात, पण ते किती जण? तेव्हा सभेत पुन्हा कोणी बोललं तर वाद घालू नका, सरळ विचारा की तुमचं मूल संध्याकाळी नक्की काय खेळतं, कोणाबरोबर, किती वेळ. बरेच जण तिथेच जरा थांबतात.

आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना आहेत: 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस त्यात जोराची पळापळ आणि स्नायू-हाडं बळकट करणारं काहीतरी, म्हणजे उड्या, चढणं, लटकणं वगैरे. तुमचे दोन तास एवढं कुठून भरून काढणार? नाहीच काढणार, आणि ते ओझं डोक्यावर घेऊही नका. तासात शिकवायचं, म्हणजे बाकीच्या वेळात मूल स्वतःहून हलेल.

गणिताच्या सरांकडे येऊ. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, पोर्शन राहिला की कोणालाही घाम फुटतो. पण पीटी कापून गणित वाढतं हा हिशोब तपासलेला आहे आणि तो जुळत नाही. 1970 च्या दशकात कॅनडात, क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर भागात, प्राथमिकच्या मुलांना कित्येक वर्षं रोज एक जादा तास शारीरिक शिक्षण दिलं, शिकलेल्या शिक्षकाकडून, आणि त्यासाठी बाकी विषयांचा वेळ साधारण 13-14 टक्क्यांनी कमी केला. मार्क घसरले नाहीत, उलट वरच्या वर्गांत थोडे चांगलेच आले. नंतर 2009 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 20 मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावून मग चाचण्या घेतल्या, तर नुसतं बसून राहिल्यानंतर जसं जमलं त्यापेक्षा लक्ष देण्यात आणि वाचून समजण्यात मुलं सरस होती. तो प्रयोग लहान होता, मुलं थोडी होती, म्हणून फार ताणू नका. पळाल्याने अपूर्णांक येत नाहीत. पण सरांना एवढं नक्की सांगता येईल की पीटीनंतरचा तास तुम्ही घ्या, पीटीचा नको.

आणि एक गोष्ट पालकांना पटकन पटते, डोळ्यांची. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटं जास्तीची मैदानावर, बाकीच्यांत नेहमीसारखं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, चष्म्याचा नंबर, आणि बाहेर जाणाऱ्यांत 30.4 टक्के. बाहेरच्या उजेडाचा परिणाम असावा असं मानतात. म्हणजे पाऊस-ऊन झेपेल तितकं बघून तास उघड्यावरच घ्या, हॉल असला तरी.

पण मनातलं सांगू का, पीटीचं समर्थन करायला गणिताचा आधार घ्यावा लागतो हेच मला खटकतं. भाषेचा तास आपण भूगोलाला मदत होते म्हणून घेतो का? मुलाला अंग आहे, ते त्याला आयुष्यभर वापरायचंय, एवढं कारण पुरे आहे. युनेस्कोने 1978 सालीच आपल्या सनदेत शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे असं लिहून ठेवलंय, 2015 मध्ये ती सनद सुधारून पुन्हा तेच म्हटलंय. असो, सरांशी बोलताना मात्र वरचे आकडेच वापरा, तत्त्वज्ञान स्टाफरूममध्ये चालत नाही.

आता तास घ्यायचा कसा. आधी एक तास काहीही बदलू नका, नेहमीसारखा बॉल द्या आणि त्या पोट दुखणाऱ्या मुलावर, किंवा भिंतीजवळच्या एखाद्या मुलीवर, नजर ठेवा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ते मूल हललं की चालू, थांबलं की बंद. अख्ख्या तासात किती मिनिटं भरतात ते बघा. बहुतेक तुम्हाला धक्का बसेल. इथून पुढे तुमच्या तासाचं मोजमाप हेच ठेवा: सगळ्यात कमी हलणारं मूल किती हललं. चांगलं खेळणारे दहा जण काय, त्यांना तुम्ही घरी पाठवलं तरी खेळतील.

मुलं नुसती उभी का राहतात त्याची कारणं ठरलेली आहेत, रांग, आउट आणि टीम पाडणं. रांगेचं सोपं आहे, 42 मुलांची एक रांग आणि समोर एक बॉल म्हटल्यावर एकेकाचा नंबर तासात एकदा-दोनदा लागणार, बाकी वेळ ढकलाढकली. ग्राउंडवर खडूने सात-आठ चौकोन पाडा, प्रत्येकात पाच-सहा जण. बॉल दोनच आहेत म्हणता ना, मग घरून जुने मोजे मागवा, एकात एक गुंडाळून घट्ट गाठ मारली की झाला बॉल. लागत नाही, लांब गडगडत जात नाही, काच फुटत नाही, आणि प्रत्येकाच्या हातात एक येतो. प्रत्येकाच्या हातात एक, हे फार महत्त्वाचं, कारण फेकायला शिकायचं तर फेकावं लागतं, दुसरा फेकताना बघून येत नाही.

आउट होण्याच्या खेळांचं गणित उलटं आहे. ज्याला पळता येत नाही तो पहिला आउट, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात जास्त वेळ बसून. पकडापकडी खेळाच, मुलांना जीव की प्राण असते, पण बाद कोणी व्हायचं नाही. पकडला गेला की जागेवर पुतळा व्हायचं, आणि दुसऱ्याने येऊन टाळी दिली की परत सुटका. किंवा पकडलं की कडेला जाऊन दहा उड्या मारून लगेच परत आत. राज्यही एकावर नको, चार-पाच जणांवर एकदम द्या, नाहीतर ज्याच्यावर आलं तो बिचारा तासभर पळत राहतो आणि सगळे हसतात.

आणि टीम पाडायला दोन कॅप्टन उभे करून एकेकाला निवडणं, हे आजच बंद. शेवटी कोण उरणार हे सगळ्या वर्गाला माहीत असतं आणि जो उरतो त्यालाही. वाढदिवसाच्या महिन्यावरून पाडा, हजेरी क्रमांकाच्या सम-विषमवरून पाडा, चिठ्ठ्या टाका, काहीही.

तासाची मांडणी म्हणाल तर 35 मिनिटांत वर्गातून खाली येऊन परत जाण्यातच पाच-सात जातात, उरले 28 धरा. पहिली पाच-सात पळापळीचा काहीतरी खेळ, तोच वॉर्म-अप, वेगळा हात वर हात खाली नको. मग बारा-पंधरा मिनिटं एकच गोष्ट शिकवायची, एका दिवशी एकच, फेकणं तर फेकणं. मग तीच गोष्ट ज्यात वापरली जाईल असा छोटा खेळ, पाच जण विरुद्ध पाच जण, त्याहून मोठी टीम नको. शेवटी दोन मिनिटं पाणी आणि खाली बसणं. बोलणं कमी ठेवा. सूचना अर्ध्या मिनिटात देता आली नाही तर खेळ चुकलाय, मुलं नाही. एकच गोष्ट तीन-चार तास चालू द्या, मग पुढची. उडीच्या आठवड्यात एक वाक्य पाठ करून ठेवा, "आवाज न करता उतरा". गुडघे वाकवा, पंजावर या, असलं सांगत बसायला नको, आवाज न करता उतरायचं म्हटलं की मूल आपोआप गुडघे वाकवतं, आणि सगळा वर्ग मांजरासारखा शांत होतो हा वरचा फायदा.

तो पोट दुखणारा मुलगा. पहिलं म्हणजे त्याचं पोट खरंच दुखत असू शकतं. भीतीने पोट दुखतं, लहान मुलांचं तर हमखास, म्हणून "नाटकं करतो" असं त्याच्यापुढे किंवा दुसऱ्या टीचरपुढेही म्हणू नका. दुसरं, त्याला स्कोअर लिहायला बसवू नका, शिट्टी धरायला देऊ नका, गोलकीपर करू नका. आपल्याला वाटतं आपण सोय करतोय, पण वर्गाला त्यातून एकच कळतं की हा खेळणारा नाही. वजनाबद्दल चांगल्या हेतूनेही बोलायचं नाही, "पळ, बारीक होशील" हेसुद्धा नाही. आणि सगळ्यांसमोर उंची-वजन-धावण्याची वेळ मोजणं असेल तर ते बाजूला एकेकाचं करा किंवा करूच नका.

मग करायचं काय? दोरी तिरकी धरा. मस्का मॉस्टन नावाचे शारीरिक शिक्षणातले मोठे जाणकार होऊन गेले, 1960 च्या दशकात त्यांनी हे मांडलं आणि आजही शिक्षकांना शिकवतात. दोन मुलांनी दोरी सरळ धरली आणि सगळ्यांनी उडी मारून पार जायचं म्हटलं, मग दोरी वर वर नेत गेलो, तर एकेक जण बाद होत जातो आणि शेवटी दोघे उरतात, बाकीचे प्रेक्षक. तीच दोरी एका टोकाला जमिनीलगत आणि दुसऱ्या टोकाला कंबरेएवढी, अशी तिरकी धरा आणि म्हणा, जिथून हवं तिथून उडी मारा. तुमचा तो मुलगा आधी जमिनीजवळच्या टोकाला जाईल. कोणी काही म्हणणार नाही कारण सगळेच आपापली जागा शोधत असतात. चौथ्या-पाचव्या उडीला बघा, तो हळूच थोडा वरच्या बाजूला सरकतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. (दोरी घट्ट बांधू नका हं, धरणाऱ्याने सैल धरायची, पाय अडकला की सुटली पाहिजे.)

हीच युक्ती सगळीकडे चालते. फेकायला तीन रेषा आखा, जवळची, मधली, लांबची, ज्याची त्याने निवडायची. पळायचं तर अमुक फेऱ्या असं नाही, तीन मिनिटं, तुझ्या वेगाने, मधे चाललास तरी चालेल. मग शेवटचा असा कोणी राहतच नाही.

एक काळजी मात्र घ्या. पळताना छातीत शिट्टीसारखा आवाज, खोकल्याची उबळ, चक्कर, छातीत दुखणं असं कुठल्याही मुलाला होत असेल तर ते टाळाटाळीत मोजू नका, त्याला तिथेच थांबवा, घरी कळवा, डॉक्टरांना दाखवायला सांगा. दम्याची मुलं नीट औषधपाणी असेल तर खेळू शकतात, खेळावंच, फक्त त्यांचा पंप वर्गात दप्तरात नको, ग्राउंडवर तुमच्याजवळ हवा. वर्गातल्या कोणाला काय आहे ह्याची यादी पालकांकडून एकदा मागून घ्या.

शिक्षेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही पण मी लिहितेच, कारण हे सर्रास चालतं. गृहपाठ नाही केला म्हणून पीटी बंद, दंगा केला म्हणून ग्राउंडला पाच फेऱ्या. म्हणजे एकदा पळणं हे बक्षीस आणि एकदा पळणं ही शिक्षा, मुलाने समजायचं काय? मधल्या सुट्टीबद्दल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट म्हटलंय की ती शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी काढून घेऊ नये, आणि सुट्टी आहे म्हणून पीटी नको किंवा पीटी आहे म्हणून सुट्टी नको असंही नाही, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सुट्टीत मूल आपल्या मनाचं खेळतं, पीटीत शिकतं. तुमचा बॉल देऊन बाजूला उभं राहण्याचा तास ही खरं तर जादाची सुट्टी होती, राग मानू नका, निम्म्या शाळांत तेच चालतं.

आणि तुम्ही स्वतःला खेळाच्या सरांपेक्षा कमी समजताय ना, एका बाबतीत तुम्ही त्यांच्या पुढे आहात. त्यांना मुलं दोन तास मिळायची, तुम्हाला दिवसभर मिळतात. पीटी नाही त्या दिवशीही 15 मिनिटं बाहेर काढणं तुमच्या हातात आहे. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत 2012 मध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी हेच सुरू केलं, रोज 15 मिनिटं मुलांनी आहे त्या कपड्यात आहे त्या बुटात ग्राउंडला फेऱ्या मारायच्या, पळा, चाला, मित्राशी गप्पा मारत जा, शर्यत नाही. 'डेली माइल' म्हणून ते पुढे कितीतरी देशांत गेलं. साहित्य लागत नाही, कपडे बदलायचे नाहीत, वेळ ठरलेली नाही, वर्ग आळसावलेला दिसला की उठायचं. हे पीटीच्या ऐवजी नाही हं, हेडसर लगेच म्हणतील मग पीटी कशाला, तर त्यांना सांगा फेऱ्या मारून झेलता येत नाही.

हेडसरांच्या मेडलचं काय? मेडल हवीत तर शाळा सुटल्यावर निवडक मुलांचा सराव ठेवा आणि तो घ्यायला येणारा माणूस बघा, ते तुमचं काम नाही आणि वर्गाच्या तासात ते बसतही नाही. तिसरीतल्या मुलाला एकाच खेळात घासायची घाईही नको, ह्या वयात सगळं थोडं थोडं यायला हवं. त्यांना मेडलऐवजी दुसरं काहीतरी दाखवायला द्या, नाहीतर ते ऐकणार नाहीत. एक वही करा. नावापुढे तीन रकाने: फेकताना उलटा पाय पुढे येतो का, झेलताना डोळे उघडे असतात का, उडी मारून तोल न जाता उतरतो का. आत्ता एकदा टिक करा आणि सत्राच्या शेवटी एकदा. तीन रकाने पुरे, जास्त केलेत तर भरणार नाहीत, मला माहितीये. सत्राच्या शेवटी वही टेबलावर ठेवायची, किती मुलं इकडून तिकडे सरकली ते बोटाने दाखवायचं. हेडसरांना आकडे आवडतात, तुमच्या पत्रावरूनच कळतंय. आणि त्याच बैठकीत दोन गोष्टी मागून घ्या, दोन्ही पीटी लागोपाठच्या दिवशी नकोत आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच नको.

स्पोर्ट्स डे आला की सगळ्या 42 जणांचं काहीतरी असलं पाहिजे एवढं धरून बसा. शंभर मीटरची शर्यत होऊ दे, पण सोबत नेम मारणं, दोरीउड्या, सहा-सहा जणांची रिले असंही होऊ दे. रिलेत हळू पळणाऱ्याला मधला टप्पा द्या, शेवटचा नको, शेवटी सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात.

गुडघ्यांचं विचारलंत. नका पळू. तुमचं पळणं बघून कोणी शिकणार नाही, आणि पळालात तर बाकीच्या 41 जणांकडे पाठ होते. ग्राउंडच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मधोमध नाही, म्हणजे सगळे एका नजरेत येतात. बोलताना ऊन तुमच्या डोळ्यांवर आलं तरी चालेल, मुलांच्या डोळ्यांवर नको, नाहीतर ती तुमच्याकडे बघतच नाहीत. तास सुरू व्हायच्या आधी ग्राउंडला एक चक्कर मारून काचा-दगड बघून घ्या आणि बुटांच्या नाड्या बांधायला लावा, पडझड जास्त करून त्यानेच होते. शिट्टीचे दोनच अर्थ ठेवा, एकदा वाजली की पुतळा, दोनदा वाजली की माझ्याजवळ. पहिला अख्खा तास ह्या शिट्टीच्याच खेळात गेला तरी जाऊ द्या. आणि मोजे उद्याच मागवा, 42 मुलांचे जमायला आठवडा जाईल.